भोयरकाकाजींचा निधी

आमच्या शेजारचे भोयरकाकाजी कुणालाही ‘कसं काय’ विचारत नाहीत. तुम्ही फाटकाशी दिसलात की ते थांबतात, चष्मा कपाळावर सरकवतात, दोन्ही बाजूंना बघून घेतात आणि मुलाकडची मंडळी स्टेशनवर उतरल्याची खबर द्यावी तशा दबलेल्या आवाजात सांगतात, “सर, निधी निघाला.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं, “कुठून?”

“मुंबईहून.”

“मग आता कुठं आहे?”

“नागपूरले मुक्काम हाये त्याचा.”

पुढच्या आठवड्यात निधी वर्ध्याला पोचलेला असायचा. तिथे त्याला कुणीतरी अडवायचं. मग तो रुसून परत जायचा आणि काकाजी सुतकात असल्यासारखे दाढी वाढवून फिरायचे. नव्या जावयाबद्दल जुनी माणसं जसं बोलत, तसंच काकाजी निधीबद्दल बोलतात. कधी येतो, कशाने येतो, कोणी नीट विचारपूस केली नाही म्हणून अर्ध्या वाटेतून फिरला, वगैरे. आमच्या नाचणगावात हा निधी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मी शिकवतो त्या वर्गात मात्र निधी नावाची एक मुलगी होती. ती उशिरा आली की मागच्या बाकावरचे पोट्टे ओरडायचे, “काऊन वं, सुटली का वर्ध्याहून?” बिचारी रडकुंडीला येई. शेवटी तिच्या वडिलांनी काकाजींना रस्त्यात गाठून हात जोडले.

ज्या निधीसाठी एवढं चाललं होतं, त्याचं कारण गावाबाहेर उभं आहे. पुलगावच्या वाटेवर पूर्वी रंगाचा कारखाना होता. कापड रंगवायची पूड तिथे बनत असे. मालक कुठून आला हे कुणाला नीट माहीत नव्हतं आणि कुठे गेला हे तर मुळीच नाही. तो गेला तेव्हा मागे राहिली गंजलेली शेडं, एक धुराडं, मागच्या बाजूला गाळाचा मोठा खड्डा आणि कामगारांच्या खोल्यांची एक ओळ, तिला सगळे क्वार्टर म्हणतात. पावसाळ्यात खड्ड्याभोवती डबकी साचतात. एक गुलाबी, दुसरं पिवळंहिरवं. बकऱ्या त्या बाजूच्या गवताला तोंड लावत नाहीत. आमच्या गावातल्या बकऱ्यांना तेवढी अक्कल आहे. माणसं त्याच बाजूला बोअर मारतात, पाणी पिवळं आलं की नशिबाला दोष देतात आणि मग आणखी खोल मारतात.

काकाजी एका सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले. काकू त्याआधीच गेल्या होत्या. मुलगा बंगलोरला. निवृत्त माणसाने करायच्या सगळ्या गोष्टी त्यांनी एकेक महिना करून पाहिल्या. योग केला, भजनी मंडळ केलं, कुंडीत मिरच्या लावल्या. मग एक दिवस त्यांच्या डोक्यात ही जमीन शिरली. “सदरहू जमीन साफ झाली पाह्यजे,” ते म्हणाले. ‘सदरहू’शिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. अंगणात शिरलेल्या जनावराला हाकलतानासुद्धा ते आधी विचारतात, “सदरहू बकरी कोनाची व्हय?”

त्यांनी समिती काढली. अध्यक्ष ते स्वतः. सचिव मी, कारण मी शेजारी राहतो आणि मला नाही म्हणता येत नाही. सभासद म्हणून गावातली बरीच नावं होती. पहिल्या बैठकीला आलूबोंडे होते तेव्हा ती सगळी आली. दुसऱ्या बैठकीला नुसता चहा होता. तिसऱ्या बैठकीला मी आणि काकाजी होतो, आणि काकाजींनी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, “सचिवसाहेब, गणपूर्ती झाली का?”

मग कचेऱ्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर सुटीच्या दिवशी काकाजी सफारी घालून माझ्या दारात. वर्ध्याच्या पहिल्या कचेरीत सांगितलं, घाण करणाऱ्यानेच ती काढायची असा नियम आहे, त्याला पकडून आणा. दुसरीत सांगितलं, जमीन कर्ज देणाऱ्यांकडे गहाण आहे, त्यांना विचारा. कर्ज देणारे म्हणाले, आम्हाला जमीन विकायची आहे, धुवायची नाही. तिसऱ्या कचेरीतला साहेब फार प्रेमळ होता. त्याने पंखा आमच्याकडे वळवला आणि सांगितलं, “तपासणीचा निधी आहे बघा. सफाईचा नाही. सफाईला हेडच नाही, खर्च टाकायला खातंच नाही.”

बाहेर आल्यावर काकाजी पायरीवरच थांबले. “सर, त्याले हेड नाई म्हंते.”

“काकाजी, गावात तर म्हणतात आपल्यालाच हेड नाही.”

त्यांना विनोद कळला नाही. ते हेड शोधायला पुन्हा आत गेले.

तपासणी मात्र झाली. पुन्हा झाली. पांढरी गाडी यायची, दोन मुलं उतरायची, पिशव्यांत माती भरायची, फोटो काढायची आणि जायची. अहवाल यायचा की माती विषारी आहे. मग वर्षभराने नवा साहेब यायचा आणि त्याला खात्री करून घ्यायची असायची. शेवटी मी काकाजींना म्हणालो, हे असंच चाललं तर साफ करायची गरजच पडणार नाही, तपासायला नेता नेताच माती संपेल. यावर त्यांनी खरोखर विचार केला.

एका कंपनीने समाजकार्य म्हणून तिथे झाडं लावली. बॅनर झाडांपेक्षा मोठा होता. दिवाळीपर्यंत सगळी रोपं काड्या झाली. पुढच्या पावसाळ्यात तीच मंडळी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावून गेली. खड्डे तयार होते हे त्यांना फार सोयीचं पडलं.

मग पुण्याहून एक सल्लागार आला. त्याने शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवली. आमच्या रंगफॅक्टरीच्या जागी निळं तळं, भोवती हिरवळ आणि सायकलवर एक सोनेरी केसांची बाई. काकाजी पहिल्या रांगेत तोंड उघडं टाकून बघत होते. चित्र संपल्यावर त्यांनी हात वर केला. “सदरहू बाई कोन? नाचनगावची तं नाई दिसत.” सल्लागार म्हणाला, ती प्रातिनिधिक आहे. काकाजींनी मान हलवली आणि रात्रीचं जेवण त्याला आपल्याकडे दिलं. तो पाटवडीचा रस्सा तीनदा मागून जेवला आणि परत कधी दिसला नाही.

बोरगाव मेघेत लेआउट पाडून गब्बर झालेला एक माणूसही येऊन गेला. त्याचा हिशेब सरळ होता. वरून मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, प्लॉट विकायचे, सरकारचा एक पैसा नको. अर्धं गाव लगेच खूश झालं. काकाजी उठले. “छप्पर गळत असंन तं खाली चटई सरकवून गळती थांबते का हो?” लेआउटवाला म्हणाला, “काकाजी, प्रॅक्टिकल राहा.” अर्धं गाव हसलं. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. त्या माणसाच्या गाडीत एसी होता आणि त्याने मला वर्ध्यापर्यंत सोडलं.

काकाजींबद्दलची खरी बातमी माझ्या बायकोने आणली. आमच्या घरात बातम्या तीच आणते, मी फक्त वर्तमानपत्र वाचतो.

“तुमचे अध्यक्ष रोज सांजच्याले कुठी जाते, माहीत हाये?”

“फिरायला.”

“क्वार्टरमधी जाते. वत्सलाबाईकडे.”

वत्सलाबाई कारखान्याचं कँटीन चालवत असे. तिचा नवरा तिथेच फिटर होता, तो कारखाना सुरू असतानाच गेला. कारखाना बंद पडल्यावर सगळे कामगार पांगले, ही राहिली. वडनेरला तिचं माहेर, पण तिथे भावाच्या सुना आल्यावर तिच्यासाठी जागा उरली नव्हती. क्वार्टरच्या ओळीत छप्पर धड असलेली एकच खोली, त्यात ती राहते. कुरडया, सरगुंडे अशी वाळवणं करून गावात विकते. जमिनीवर वाळवत नाही, खाटेवर वाळवते, कारण तिथल्या जमिनीचा रंग पदार्थाला लागतो. साऱ्या गावाला तिच्या कुरडया हव्यात. तिच्या दाराशी मात्र कुणी जात नाही. अंगणवाडीजवळ उभं राहून हाक मारतात.

बातमी ऐकून मला मोठा आनंद झाला. म्हणजे हाच का तो निधी, मी म्हणालो. बायकोही खूप हसली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम समितीचं काहीतरी काम काढून संध्याकाळी क्वार्टरकडे गेलो. मला मजा बघायची होती.

काकाजी कँटीनच्या एका मोडक्या बाकावर बसले होते. वत्सलाबाई उंबरठ्यावर बसून त्यांना झापत होती.

“साहेब, इतके वर्स झाले, तुमचा निधी एकदाचा मेला का जिता हाये ते तरी सांगा.”

काकाजी चहा पीत होते. “येईन.”

“येईन तं मले कुठी टाकसान? त्या मातीसंगं गाडीत भरसान?”

“तुमचं नाव पह्यलं राहीन.”

“कायच्यात पह्यलं? गाडीत?”

काकाजी हसले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तिथे ते ‘सदरहू’ म्हणत नव्हते. कचेरी, हेड, गणपूर्ती, काहीच नाही. ती बोलत होती, वडनेरच्या भावाच्या सुनांना शिव्या घालत होती, कुठल्याशा फिटरची नक्कल करत होती, आणि ते ऐकत होते. खाटेची सुतळी तुटली होती म्हणून त्यांनी नवी आणली होती आणि बोलणं ऐकता ऐकता ती ओवत होते. चुकीची ओवत होते. ती मधेच उठली, त्यांच्या हातातून सुतळी घेतली, सगळी उसवली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. “आता पाहून करा.”

मला पाहिल्यावर काकाजी ताडकन उभे राहिले. “सर, सदरहू जागेची पाहनी करून राह्यलो होतो.”

घरी येऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. दोन दिवसांत ते गावभर झालं. पानठेल्यावर पोरं एकमेकांना विचारू लागली, पाहणी कुठपर्यंत आली. काकाजींच्या कानावर गेलंच असणार. ते जायचे थांबले नाहीत. फक्त जाताना हातात एक फाइल घेऊ लागले.

आणि मग एक दिवस ते माझ्या दारात आले. चष्मा कपाळावर नव्हता, डोळ्यांवर होता. “सर, आला.”

मी नेहमीसारखं विचारलं, “कुठवर?”

“वर्ध्यात. खराच आला.”

खरंच आला होता. अशा सोडून दिलेल्या विषारी जागांसाठी नवी योजना निघाली होती, तिला हेड होतं, आणि काकाजींचे इतके अर्ज पडून होते की यादीत आमची जागा वर निघाली. गाळ उपसून, झाकलेल्या गाड्यांतून लांबच्या खास खड्ड्यात नेऊन टाकायचा, वर स्वच्छ माती भरायची आणि जागा गावाला द्यायची. सरपंचाने फटाके लावले आणि आपणच पाठपुरावा केला असं भाषण केलं. ज्यांनी काकाजींना आजवर भैताड, खुळा म्हटलं होतं त्यांनीच त्यांना हार घातले आणि त्या जागेवर काय बांधायचं यावरून भांडायला सुरुवात केली. कुणाला दुकानांचे गाळे हवे, कुणाला मंगल कार्यालय, पोरांना मैदान. विष अजून जागचं हललं नव्हतं आणि गाळ्यांच्या चिठ्ठ्या कशा टाकायच्या हे ठरत होतं.

गणपतीनंतर शाळेच्या हॉलमध्ये ग्रामसभा झाली. वर्ध्याहून एक तरुण अधिकारी मॅडम आल्या होत्या. काकाजी पहिल्या रांगेत, नव्या सफारीत, मी त्यांच्या शेजारी. मॅडमनी सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, “एक अट आहे. त्या जागेवर कुणाचं वास्तव्य नको. कुणी राहत असेल तर आधी त्यांची सोय, मग काम.”

सरपंचाने विचारलं, “सोय कराले निधी हाये का?”

“त्याचं हेड वेगळं आहे. त्याला वेळ लागेल. तोवर ही जागा यादीत मागे जाईल.”

सरपंच हसला. “कोनी नाई राह्यत मॅडम. एक बाई येते-जाते. लिहून घ्या, जागा खाली हाये.”

वत्सलाबाई मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कुरडया तळून खाल्लेली निदान शंभर तोंडं तिथे होती. एकानेही मान वळवली नाही.

काकाजी उठले. मी त्यांच्या सफारीचं टोक ओढलं. “बसा, काकाजी. एवढ्या वर्षांनी आलंय. मग बघू तिचं काय ते.”

“तठी बाई राह्यते,” ते मॅडमना म्हणाले. “वत्सलाबाई नाव हाये. येत-जात नाई. राह्यते.”

मग जो गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही. कालपर्यंत ज्याच्या गळ्यात हार होते त्या माणसाला लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. म्हातारा चळला, गावाचं वाटोळं करून राह्यला, इतके वर्स काय झक मारली. मॅडम पेन बंद करून बसल्या. तेवढ्यात मागून पानठेल्यावरचा एक पोट्टा ओरडला, “एवढा जीव तुटते तं घरी घेऊन जा ना काकाजी! तसं बी पाहनी तं होऊन राह्यली!”

सगळा हॉल हसला. बायकासुद्धा पदर तोंडाशी धरून हसल्या. माझ्या पाठीवर कुणीतरी थाप मारली, कारण ती गोष्ट मीच तर पसरवली होती.

काकाजी हसू थांबेपर्यंत उभे राहिले. मग वळले आणि मागे भिंतीकडे पाहिलं. वत्सलाबाईने नजर खाली केली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी अगदी जवळ होतो म्हणून मला ते दिसलं.

“नेतो,” ते म्हणाले. आणि जरा थांबून म्हणाले, “बहीन म्हून नेतो.”

हसू जिथल्या तिथे बसलं. मॅडमनी पेन उघडलं आणि सरळ मागे बघून विचारलं, “मावशी, तुम्हाला चालेल का?”

वत्सलाबाई काकाजींकडे बघत राहिली, जणू त्यांनी पुन्हा एकदा काहीतरी चुकीचं ओवलं होतं आणि या वेळी ते उसवता येणार नव्हतं. मग पदर खांद्यावर नीट घेत म्हणाली, “चूल माही राहीन. दुसऱ्याच्या चुलीवर मले जमत नाई.”

आठ दिवसांत ती आमच्या शेजारी राहायला आली. काकाजींनी पुढची खोली तिला दिली आणि स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत गेले. गाव एकदम सज्जन झालं. ज्या बायका अंगणवाडीजवळून हाका मारायच्या त्या आता भोयरांच्या बहिणीकडे कुरडया मागायला सरळ घरात शिरू लागल्या. कारखान्यावर पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, गाळ उपसला जाऊ लागला, झाकलेल्या गाड्या जाऊ लागल्या. सरपंचाने स्वतःच्या फोटोचा फलक लावला. काकाजी तिकडे फारसे फिरकले नाहीत. रोज संध्याकाळी ते पडवीत वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि ती आत स्वयंपाक करी. दोघांत एक भिंत होती, आणि आता त्यांचं बोलणं फारसं ऐकू येत नसे. मीठ हवं का, डॉक्टरकडे जायचं का, इतपत.

भाऊबिजेला त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. चार लोकांनी बघितलेलं बरं, असं काकाजी मला म्हणाले. त्यांनी पाट मांडला होता, डोक्यावर काळी टोपी घातली होती. वत्सलाबाई तबक घेऊन आली. नवी साडी त्यांनी आधीच वर्ध्याहून आणून ठेवली होती. ती त्यांच्या मांडीवर घडीतच होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते पाटावर बसले होते, मान खाली घालून. निरांजन हललं, सुपारी फिरली. ते मान वर करीनात. माझी बायको चुळबुळली. कुठे बघावं असा प्रश्न मला एरवी पडत नाही, पण त्या वेळी मला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावंसं वाटलं.

वत्सलाबाईने तबक एका हातात घेतलं आणि कुंकवाचं बोट तसंच धरून थांबली. तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

“वर पाहा, भाऊ,” ती म्हणाली. “कुकू लावाचं हाये.”

काकाजींनी वर पाहिलं.